पोप, बायबल आणि अर्थ लावण्याचा हक्क : कॅथलिक आणि प्रोटेस्टंट नेमके कशावर भांडले?

आपल्या अभ्यासवर्गांत आणि जयंतीच्या व्याख्यानांत मार्टिन ल्यूथरचे नाव अधूनमधून येते. त्याला कारण आहे. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, पण मंडळाने होऊ न दिलेल्या भाषणात बाबासाहेबांनी राजकीय क्रांतीच्या आधी सामाजिक आणि धार्मिक क्रांती व्हावी लागते असे मांडले. त्यासाठी त्यांनी ल्यूथरच्या धर्मसुधारणेचा दाखला दिला. युरोपातल्या लोकांच्या राजकीय मुक्तीची ती पूर्वतयारी होती, असे त्यांचे म्हणणे. 'जातिप्रथेचे विध्वंसन' वाचलेल्या प्रत्येकाला हा भाग आठवत असेल. पण पुढे वक्त्यांच्या तोंडी हा दाखला फार सोपा होत गेला. पोप म्हणजे पुरोहितशाही, ल्यूथर म्हणजे ती मोडणारा, आणि प्रोटेस्टंट म्हणजे तिच्यातून सुटलेले लोक. ही मांडणी निम्मी खरी आहे. उरलेली निम्मी बाजू चळवळीतल्या माणसाने जास्त काळजीपूर्वक वाचायला हवी, म्हणून हा लेख.

दुसरे कारण अगदी व्यवहारातले आहे. वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला ख्रिस्ती कुटुंबे भेटतात, त्यांच्या संस्थांबरोबर कामे करावी लागतात. आपले कार्यकर्ते मात्र सगळ्यांनाच 'मिशनरी' म्हणून मोकळे होतात. मेथडिस्ट पाळकाला 'तुमचे पोप यावर काय म्हणतात' असे विचारले की समोरचा माणूस कसनुसा हसतो आणि बोलणे तिथेच संपते. आपल्याला कोणी 'तुमचे शंकराचार्य काय म्हणतात' असे विचारावे, तसाच तो प्रकार.

दोघांत समान काय आहे

देव एक आणि तो पिता, पुत्र व पवित्र आत्मा अशा त्रैक्यात आहे, येशू हा देवाचा पुत्र, तो क्रूसावर मेला आणि पुन्हा उठला, त्याच्यामुळेच माणसाचे तारण होते, हे दोघेही मानतात. बाप्तिस्मा दोघांत आहे. चौथ्या शतकात ठरलेला निकियाचा मतांगीकार दोघांच्याही बहुतेक शाखांना मान्य आहे. म्हणजे भांडण देव आहे की नाही, येशू कोण होता, याचे नाही.

कॅथलिक चर्च ही एकच जागतिक संस्था आहे. सुमारे १४० कोटी सभासद, रोमचा बिशप म्हणजे पोप सर्वांत वर, त्याखाली बिशप, त्याखाली फादर. प्रोटेस्टंट ही एक संस्था नाही. लुथरन, कॅल्विनच्या परंपरेतले रिफॉर्म्ड, अँग्लिकन, बाप्टिस्ट, मेथडिस्ट, पेंटेकोस्टल अशा शेकडो मंडळ्यांना मिळून ते नाव पडले आहे. त्यामुळे 'प्रोटेस्टंटांचे मत असे आहे' हे वाक्य नेहमी थोडे खोटेच असते. आम्हीही खाली ते वापरणार आहोत, वाचकांनी सांभाळून घ्यावे. पूर्वेकडची ऑर्थोडॉक्स चर्चेस आणि केरळातले सिरियन ख्रिस्ती हा वेगळा इतिहास आहे, तो इथे घेतलेला नाही.

सुरुवात कर्जापासून

जर्मनीत अल्ब्रेख्त नावाचा सरदार घराण्यातला एक तरुण होता. एक आर्चबिशपपद हाती असताना १५१४ साली त्याला माइन्झचेही आर्चबिशपपद मिळाले. चर्चच्या नियमात हे बसत नव्हते, म्हणून रोमकडून खास परवानगी घ्यावी लागली आणि त्यासाठी मोठी रक्कम भरावी लागली. ती त्याने आउग्सबुर्गच्या फुगर सावकारांकडून कर्जाऊ घेतली. कर्ज फिटावे म्हणून पोप दहावा लिओ याने त्याच्या प्रदेशात पापमुक्तीपत्रे विकण्यास मान्यता दिली. जमणाऱ्या पैशातला निम्मा भाग रोमच्या संत पीटर चर्चच्या बांधकामाला, निम्मा कर्जफेडीला.

पापमुक्तीपत्र हा आपल्या शालेय पुस्तकांतला शब्द थोडा फसवा आहे. कॅथलिक सिद्धांतानुसार पापाची क्षमा फादरपुढे पाप कबूल करूनच मिळते. क्षमा मिळाली तरी त्या पापाचा काही दंड भोगणे बाकी राहतो, या जन्मी किंवा मेल्यावर पर्गेटरी नावाच्या शुद्धीच्या अवस्थेत. येशूच्या आणि संतांच्या पुण्याच्या साठ्यातून चर्च हा दंड माफ करू शकते, असा तो सिद्धांत. म्हणजे कागदोपत्री ती दंडमाफी होती. बाजारात मात्र योहान टेट्झेलसारखे प्रचारक ती मेलेल्या आईबापांच्या सुटकेचे तिकीट म्हणून विकत होते, आणि गरीब माणसे विकत घेत होती. सिद्धांत एक आणि दारात येणाऱ्या माणसाला सांगितले जाते ते दुसरे, ही गोष्ट आपल्याला नवी नाही.

विटेनबर्ग विद्यापीठातला ऑगस्टिनियन संन्यासी-प्राध्यापक मार्टिन ल्यूथर याने ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी याविरुद्ध ९५ मुद्दे लिहून आर्चबिशप अल्ब्रेख्तलाच पत्रासोबत पाठवले. ते चर्चच्या दारावर ठोकले की नाही यावर इतिहासकारांचे एकमत नाही. पत्र पाठवले हे नक्की. मुद्दे लॅटिनमध्ये होते, विद्वानांच्या वादासाठी. त्यात पोपपद नाकारलेले नव्हते, पर्गेटरीही नाकारलेली नव्हती. विक्रीचा गैरप्रकार थांबवा, एवढीच मागणी असती तर रोमने चारदोन प्रचारक बदलून प्रकरण मिटवले असते. पण उत्तर देणाऱ्यांनी दंडमाफीच्या प्रश्नाला बगल देऊन ल्यूथरला वेगळेच विचारले: पोपने मान्यता दिलेल्या गोष्टीला प्रश्न विचारणारा तू कोण?

१५१९ साली लाइपझिगच्या जाहीर वादसभेत योहान एक नावाच्या विद्वानाने त्याला नेमके याच कोपऱ्यात गाठले. बोहेमियाचा यान हुस १४१५ मध्ये कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेने पाखंडी ठरवून जिवंत जाळला होता. हुसची काही मते खरी ख्रिस्ती होती, असे ल्यूथर त्या सभेत बोलून गेला. म्हणजे धर्मपरिषदही चुकू शकते, पोपही चुकू शकतो. त्यानंतर मागे फिरायला वाट उरली नाही. डिसेंबर १५२० मध्ये त्याने पोपचे ताकीदपत्र जाहीरपणे जाळले, जानेवारी १५२१ मध्ये त्याला बहिष्कृत केले गेले, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये वर्म्सच्या राजसभेत सम्राटासमोर त्याने आपले लेखन मागे घेण्यास नकार दिला. प्रोटेस्टंट हे नाव पुढे पडले. १५२९ साली श्पायरच्या सभेत काही संस्थानिकांनी आणि शहरांनी या सुधारणेविरुद्धच्या ठरावाचा निषेध नोंदवला, त्या निषेधावरून.

पुस्तक मोठे की पुस्तक ठरवणारे

आमच्या मते बाकीचे सगळे वाद या एका वादाला लटकलेले आहेत, म्हणून इथे थोडे थांबू.

प्रोटेस्टंट बाजू म्हणते, अंतिम प्रमाण फक्त शास्त्र, म्हणजे बायबल. पोप, परिषदा, परंपरा यांना मान असेल, पण त्यांची परीक्षा बायबलवर व्हायला हवी. शिवाय बाप्तिस्मा झालेला प्रत्येक जण याजक आहे. देवापुढे उभे राहायला मधल्या माणसाची गरज नाही. पाळक हे कामाचे पद आहे, ती वेगळी पवित्र जात नव्हे. १५२० च्या आपल्या लेखनात ल्यूथरने हे ठामपणे मांडले.

कॅथलिक बाजूचे उत्तर दुबळे नाही आणि आपल्या वक्त्यांनी ते कधी तरी पूर्ण ऐकावे. येशूने पुस्तक लिहिले नाही, शिष्य मागे ठेवले. चर्च आधी होते, नवा करार नंतर लिहिला गेला. कुठली पुस्तके त्यात घ्यायची आणि कुठली वगळायची हे बिशपांच्या परंपरेने आणि चौथ्या शतकाअखेरच्या सभांनी ठरवले. मग ज्यांनी पुस्तक ठरवले त्यांनाच अर्थ लावण्याचा अधिकार नाही, असे कसे? आणि प्रत्येकाने आपापला अर्थ लावायचा म्हटले तर जितकी डोकी तितकी चर्चेस होतील. १५४६ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने शास्त्र आणि प्रेषितांपासून चालत आलेली परंपरा या दोन्हींना सारखाच आदर द्यावा आणि चर्चच्या अर्थाविरुद्ध अर्थ लावू नये, असे ठरवून टाकले.

पोपच्या पदाचा आधार मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या सोळाव्या अध्यायात शोधला जातो. तिथे येशू पेत्राला उद्देशून खडकावर मंडळी बांधण्याविषयी आणि स्वर्गराज्याच्या किल्ल्यांविषयी बोलतो. कॅथलिक म्हणतात, खडक म्हणजे पेत्र, आणि रोमचा बिशप त्याचा वारस. प्रोटेस्टंट भाष्यकारांपैकी अनेक म्हणतात, खडक म्हणजे पेत्राने त्या क्षणी व्यक्त केलेला विश्वास, आणि पेत्र खडक मानला तरी त्याचे वारसपद रोमकडे गेले हे त्या ओळींत कुठेही नाही. ओळी त्याच, ग्रीक मजकूर तोच. निकाल कोणी द्यायचा, हाच वादाचा विषय असल्यामुळे वाद मजकुराने सुटत नाही.

पुस्तकही अगदी एकच नाही. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तके आहेत, प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६. फरक सगळा जुन्या करारात आहे. तोबित, यहुदिथ, मक्काबींची दोन पुस्तके वगैरे सात पुस्तके प्रोटेस्टंटांनी मुख्य प्रमाणातून बाजूला काढली, कारण ती यहुद्यांच्या हिब्रू शास्त्रात नव्हती. या पुस्तकांतल्या मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात मृतांसाठी प्रार्थना केल्याचा उल्लेख आहे, आणि पर्गेटरीचा मोठा आधार तोच आहे. कोणाच्या घरी मराठी बायबल दिसले आणि ते कुठल्या परंपरेचे हे कळले नाही, तर अनुक्रमणिका पाहावी. तोबित सापडले तर घर बहुधा कॅथलिक.

एक गैरसमज इथेच दूर करू. ल्यूथरने पहिल्यांदा लोकभाषेत बायबल आणले असे सर्रास सांगितले जाते. त्याच्या आधीही जर्मन बायबले छापली गेली होती. ल्यूथरचा नवा करार सप्टेंबर १५२२ मध्ये आणि संपूर्ण बायबल १५३४ मध्ये आले. त्याचे वेगळेपण म्हणजे ते लॅटिनवरून न करता मूळ ग्रीक-हिब्रूवरून केले होते, आणि त्याची भाषा बाजारातल्या माणसाची होती. उलट ट्रेंटनंतर १५६४ च्या निषिद्ध पुस्तकांच्या नियमांनी लोकभाषेतले बायबल वाचायला सामान्य माणसाला बिशपची किंवा धर्मचौकशी अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागू केली. वाचनावरचा हा पहारा कॅथलिक चर्चच्या माथी राहिला आणि तो योग्यच राहिला. निषिद्ध पुस्तकांची यादी अखेर १९६६ साली रद्द झाली.

विश्वास, कर्म आणि टेबलावरची भाकर

दुसरा वाद तारणाचा. ल्यूथर म्हणाला, माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो केवळ विश्वासाने. रोमकरांस पत्राच्या भाषांतरात त्याने मूळ ग्रीकमध्ये नसलेला 'केवळ' हा शब्द घातला आणि टीका झाल्यावर तो तसाच ठेवला. कर्मांशिवाय विश्वास मेलेला आहे असे सांगणारे याकोबाचे पत्र त्याला गवताच्या मोलाचे वाटले. केवळ शास्त्र प्रमाण मानणाऱ्याने शास्त्रातच डावेउजवे करावे, हे विरोधकांनी लगेच दाखवून दिले.

कॅथलिक 'कर्माने स्वर्ग मिळवा' असे शिकवतात, हे मात्र खरे नाही. देवाच्या कृपेवाचून स्वतःच्या कर्मांनी माणूस नीतिमान ठरतो असे म्हणणाऱ्यालाच ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये दोषी ठरवले आहे. फरक बारीक आहे. प्रोटेस्टंट मतात येशूचे नीतिमत्त्व माणसाच्या खात्यावर मांडले जाते, माणूस आतून पापीच असतो. कॅथलिक मतात कृपा माणसाला आतून बदलते आणि तो त्या कृपेला साथ देऊन वाढत जातो. ऐकायला हा शब्दच्छल वाटेल. पण 'वाढत जाणे' मान्य केले की पापनिवेदन, प्रायश्चित्त, दंडमाफी, मृतांसाठी मिस्सा, संतांची मध्यस्थी, मठ आणि त्यांच्या जमिनी ही सगळी व्यवस्था उभी राहते. 'केवळ विश्वास' म्हटले की तिचा पाया निघतो. सिद्धांताच्या एका शब्दावर केवढी मालमत्ता उभी असते, याचे इतके स्पष्ट उदाहरण आम्हाला दुसरे माहीत नाही.

कॅथलिक सात संस्कार मानतात, गोवा-वसईकडे त्यांना साक्रामेंत म्हणतात. बहुतेक प्रोटेस्टंट दोनच मानतात, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. मिस्सेत फादरच्या हातून भाकर आणि द्राक्षारस यांचे सारतत्त्व बदलून ते खरोखर येशूचे शरीर आणि रक्त होते, असा कॅथलिक सिद्धांत आहे. हे करू शकणारा फक्त विधिपूर्वक दीक्षित फादर, म्हणून त्याचे स्थान इतरांहून वेगळे, आणि लॅटिन परंपरेत तो ब्रह्मचारी. ल्यूथरने सारतत्त्व बदलण्याची उपपत्ती नाकारली, पण भाकरीत येशू खरोखर असतो हे मानले. झुरिकच्या झ्विंग्लीला ती केवळ आठवण वाटली. १५२९ मध्ये मारबुर्गला दोघे समोरासमोर बसले, पंधरापैकी चौदा मुद्द्यांवर जुळले आणि या एकावर तुटले. केवळ शास्त्र मानणारे दोघे जण, बारा वर्षांच्या आत, एकाच वाक्याच्या अर्थावरून वेगळे झाले. 'जितकी डोकी तितकी चर्चेस' म्हणणारे रोममध्ये तेव्हा हसले असतील.

मरियेविषयी थोडक्यात: कॅथलिक तिची पूजा करतात हा आरोप त्यांना मान्य नाही. ते तिला आदर देतात आणि आपल्यासाठी प्रार्थना कर असे म्हणतात. प्रोटेस्टंटांना ही मध्यस्थीच नको आहे.

शेतकऱ्यांनी तेच पुस्तक वाचले तेव्हा

आपल्या व्याख्यानांत गाळला जाणारा भाग हा आहे.

१५२४-२५ मध्ये दक्षिण आणि मध्य जर्मनीतले शेतकरी उठले. मार्च १५२५ मध्ये मेमिंगेन शहरात त्यांच्या मागण्यांचे बारा कलमी पत्रक तयार झाले. आपला पाळक निवडण्याचा आणि काढण्याचा हक्क गावाला हवा. धान्याचा दशांश पाळकावर आणि गावातल्या गरिबांवर खर्च व्हावा. जंगल, पाणी, शिकार यांवरचे सरदारांचे ताबे उठावेत. ख्रिस्ताने सगळ्यांना, मेंढपाळालाही आणि राजालाही, सारखीच किंमत मोजून सोडवले असेल तर भूदासपण कशाच्या आधारावर? शेवटच्या कलमात ते म्हणतात की यातली कुठलीही मागणी शास्त्राविरुद्ध आहे असे दाखवून द्या, आम्ही ती सोडतो. ल्यूथरचीच कसोटी त्यांनी ल्यूथरपुढे ठेवली होती.

ल्यूथरने आधी दोन्ही बाजूंना उपदेश केला, सरदारांनाही बोल लावले. उठाव पेटल्यावर मात्र त्याने शेतकऱ्यांच्या झुंडींविरुद्ध एक पुस्तिका लिहिली आणि त्यांना वेड्या कुत्र्यासारखे मारण्याची मुभा राजसत्तेला दिली. त्याचे म्हणणे असे की ख्रिस्ती स्वातंत्र्य आत्म्याचे आहे, जमिनीचे आणि शरीराचे नाही. मे १५२५ मध्ये फ्रांकेनहाउझेनला शेतकऱ्यांचा संहार झाला, त्यांचा उपदेशक थॉमस म्युन्त्झर याला छळ करून मारले. एकूण मृतांचा आकडा साधारण एक लाखापर्यंत सांगितला जातो.

त्यानंतर पोपच्या रिकाम्या जागेवर कोण बसले? गाव नव्हे. लुथरन प्रदेशांत संस्थानिक हेच चर्चचे कारभारी झाले. इंग्लंडमध्ये तर आठव्या हेन्रीने १५३४ च्या कायद्याने स्वतःलाच चर्चचा सर्वोच्च प्रमुख करून घेतले, तेही त्याला सिद्धांतात फारसा बदल नको असताना. १५५५ च्या आउग्सबुर्ग तहाने ज्याचे राज्य त्याचा धर्म हे तत्त्व कायदेशीर झाले: राजा लुथरन किंवा कॅथलिक यांपैकी एक निवडणार, प्रजेने तो पाळायचा, नाही तर सामान बांधून निघायचे. मोठे झाल्यावर स्वतःच्या समजुतीने बाप्तिस्मा घ्यावा असे म्हणणाऱ्या फेलिक्स मान्त्झला १५२७ मध्ये प्रोटेस्टंट झुरिकने नदीत बुडवून मारले. त्रैक्य नाकारणाऱ्या मायकेल सर्व्हेटसला फ्रान्सच्या कॅथलिक न्यायालयाने मृत्युदंड सुनावला, तो पळाला म्हणून त्याचा पुतळा जाळला. पुढे १५५३ मध्ये कॅल्विनच्या जिनिव्हाने तो सापडल्यावर प्रत्यक्ष जाळला.

म्हणून 'ल्यूथरने पुरोहितशाही संपवली' याऐवजी 'ल्यूथरने अर्थ लावण्याच्या हक्काची मक्तेदारी मोडली, आणि तो हक्क कोणाकडे जावा यावर पुढचे शतकभर रक्त सांडले' असे म्हणणे इतिहासाला धरून होईल. बाबासाहेबांचा दाखला याने खोटा ठरत नाही. त्यांनी ल्यूथरच्या पाठोपाठ इंग्लंडच्या प्युरिटनांचे नाव घेतले आहे. एकदा मक्तेदारी मोडल्यावर राजालाही प्रश्न विचारणारी जी माणसे निघाली, ती ही. आणि समाजशास्त्राच्या वर्गात प्रोटेस्टंट म्हटले की मॅक्स वेबर आणि भांडवलशाही एवढेच शिकवतात. तो निबंधही मुख्यतः कॅल्विनच्या परंपरेबद्दल आहे.

१८७० नंतर

रोमने दार आणखी घट्ट लावले ते १८ जुलै १८७० रोजी. पहिल्या व्हॅटिकन परिषदेने पोपची अचूकता हा सिद्धांत म्हणून जाहीर केला. याचा अर्थ पोप जे बोलेल ते सगळे खरे, असा नाही. संपूर्ण चर्चचा शिक्षक म्हणून, श्रद्धा किंवा नीतीच्या प्रश्नावर, कायमचा निर्णय तो औपचारिकपणे जाहीर करतो तेव्हाच तो अचूक मानायचा. १८७० नंतर हे स्पष्टपणे एकदाच घडले, १९५० मध्ये, मरिया देहासह स्वर्गात घेतली गेली या सिद्धांताच्या वेळी. प्रोटेस्टंटांची हरकत एका निर्णयावर नाही, अशी सत्ता कुणा माणसाला असू शकते यावरच आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) बरेच मोकळे केले. मिस्सा लोकभाषांत आली, बायबल वाचायला उत्तेजन मिळाले, प्रोटेस्टंटांना पाखंडी न म्हणता वेगळे झालेले बंधू म्हटले गेले. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्गमध्ये लुथरन जागतिक महासंघ आणि कॅथलिक चर्च यांनी विश्वासाने नीतिमान ठरण्याच्या सिद्धांतावर संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. ज्या वादाने युरोप फुटला त्याच्या गाभ्यावर मूलभूत सहमती आहे, असे दोघांनी लिहून दिले. पुढच्याच वर्षी रोमने दुसऱ्या एका निवेदनात सांगितले की प्रोटेस्टंट मंडळ्या खऱ्या अर्थाने चर्च नव्हेत. तारणावर जुळले, अधिकारावर नाही.

स्त्रियांचा प्रश्न पाहिला की हे आणखी उघड होते. १९९४ च्या मार्चमध्ये चर्च ऑफ इंग्लंडने पहिल्या स्त्री-पुरोहितांना दीक्षा दिली. त्याच वर्षी मे महिन्यात पोप दुसरा जॉन पॉल याने जाहीर केले की स्त्रियांना याजकपद देण्याचा अधिकार चर्चलाच नाही. प्रोटेस्टंट म्हणजे स्त्रियांना मोकळीक, असे मात्र समजू नये. अमेरिकेतले सदर्न बाप्टिस्ट स्त्री-पाळकांना विरोध करतात, आणि आधार बायबलच्या ओळींचाच देतात.

सामाजिक कार्यकर्ते म्हणून आम्हाला याहून महत्त्वाचा वाटतो तो जबाबदारीचा प्रश्न. २००२ साली बॉस्टनमधल्या वृत्तपत्राने दाखवून दिले की मुलांवर अत्याचार करणाऱ्या फादरांना बिशप एका चर्चमधून दुसऱ्यात हलवत होते. उतरंडीच्या सत्तेने ते झाकले. २०२२ च्या मे महिन्यात सदर्न बाप्टिस्टांच्या चौकशीचा अहवाल आला. तिथे पोप नाही, बिशप नाही, प्रत्येक मंडळी स्वतंत्र. वरच्या नेत्यांकडे आरोपी पाळकांची यादी होती, आणि पीडितांना मात्र उत्तर मिळत राहिले की मंडळ्या स्वायत्त असल्याने आमच्या हातात काही नाही. एकीकडे अधिकार एकवटला म्हणून, दुसरीकडे तो कोणाकडेच नाही असे सांगून, मूल उघड्यावर पडले.

महाराष्ट्रात आलेला हा वाद

मराठीतल्या 'क्रिस्तपुराणा'चा (१६१६) कवी फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज होता. प्रोटेस्टंट राणीच्या इंग्लंडमध्ये कॅथलिकांवर जाच होता. तो रोमला गेला, जेझुइट झाला आणि १५७९ मध्ये गोव्यात उतरला. गोवा-वसईचे ख्रिस्तीपण पोर्तुगिजांमुळे कॅथलिक. मुंबई-अहमदनगरकडचे, १८१३ पासून आलेल्या अमेरिकन मराठी मिशनचे ख्रिस्तीपण प्रोटेस्टंट.

पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्या चर्चच्या ज्या जोगिणींनी त्यांना आसरा दिला होता, त्यांची अपेक्षा होती की रमाबाईंनी चर्चचे मत जसेच्या तसे स्वीकारावे. रमाबाईंनी त्रैक्यापासून अनेक गोष्टींवर शंका विचारल्या. १८८५ च्या पत्रव्यवहारात त्यांनी साफ कळवले की भारतातल्या पुरोहितांचे जोखड मोठ्या कष्टाने फेकून दिल्यावर तसलेच दुसरे मानेवर घ्यायची आपली तयारी नाही. बायबल आपण स्वतः वाचणार आणि आपल्या विवेकाने ठरवणार. पुढे त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल स्वतः केले, ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रोटेस्टंट तत्त्व प्रोटेस्टंट चर्चलाच लावणारी ही बाई आमच्या मते या सगळ्या इतिहासात ल्यूथरइतकीच वाचण्यासारखी आहे.

जातीपुढे मात्र दोन्ही सिद्धांत सारखेच निष्प्रभ ठरले. गोव्यात बामण, चारडो, सुदीर हे भेद कॅथलिकांत टिकले. मदुराईत १६०६ पासून रॉबर्ट डी नोबिली या जेझुइटाने ब्राह्मण संन्याशाच्या वेषात, जात पाळत धर्मप्रसार केला आणि १६२३ मध्ये पोपने त्या पद्धतीला मुभा दिली. तंजावरच्या लुथरन मंडळ्यांत वरच्या जातीचे आणि अस्पृश्य यांच्या बसण्याच्या जागा वेगळ्या होत्या. १८३३ मध्ये कलकत्त्याचा अँग्लिकन बिशप डॅनिएल विल्सन याने चर्चमधून जात ताबडतोब काढा असा आदेश काढला, तर अनेक जण चर्च सोडून गेले. बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावरील निबंधात ख्रिस्ती धर्माच्या मंद प्रसाराची कारणे देताना कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मिशनांच्या आपसातल्या चढाओढीचाही हिशेब मांडला आहे. ज्यांनी ल्यूथरचा दाखला वाचला आहे त्यांनी हा निबंधही सोबत वाचावा.

नगर जिल्ह्यात मिशनच्या मंडळ्यांत आलेले बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजातले होते. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने हिंदूंखेरीज इतर धर्मांतल्या दलितांना यादीबाहेर ठेवले. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात घेतले गेले. दलित ख्रिस्ती बाहेर राहिले, मिस्सेला जाणारेही आणि प्रभुभोजनाला बसणारेही. २०२२ मध्ये केंद्र सरकारने या प्रश्नासाठी माजी सरन्यायाधीश के. जी. बाळकृष्णन यांचा आयोग नेमला.